स्पीकर काढून ठेवलेला गेम

जिन्यात खाली माझा मुलगा बसलेला मला दिसत होता आणि सून माझा अंबाडा धरून मला मागे ओढत होती.

धूर इतका होता की पायऱ्या दिसत नव्हत्या. पण त्याचा निळा शर्ट दिसला. डोकं कठड्याला टेकलेलं. एक हात वरच्या पायरीवर, चढताना माणूस ठेवतो तसा. मी दोन पायऱ्या उतरले होते. अजून पाच-सहा उतरले असते तर त्याच्यापर्यंत पोचले असते... सुजाताने केस सोडले नाहीत. मी तिला लाथ मारली. पोटरीवर बसली, तरी सोडले नाहीत. मला आत ओढून तिने दार लावलं आणि कडी घातली. व्यंकटेश दाराच्या पलीकडे राहिला.

आता पहिल्यापासून सांगते.

मी भुताखेतावर विश्वास ठेवणारी बाई नाही. आमच्या शेजारणीने एकदा माझ्या उंबऱ्यावर लिंबं ठेवली होती, ती मी उचलून डाळीत पिळली. कुणाला काही झालं नाही. अंगात येणाऱ्या बायका मी लहानपणापासून पाहिल्या आहेत, त्यातल्या निम्म्या घरातल्या कामाला कंटाळलेल्या असतात. अशा अनुभवांच्या या सदरात लोक काय काय लिहितात ते सून मला वाचायला देते. बरंचसं मला खोटं वाटतं. माझंही तुम्हाला वाटलं तर वाटू दे. मी चौथी शिकलेली आहे. वहीत लिहिलं, सुनेने मोबाईलवर उतरवलं. तिला सांगून ठेवलं होतं की एक शब्द बदलायचा नाही.

माझं नाव नरसम्मा. सोलापूरच्या पूर्व भागात जन्मले, तिथेच म्हातारी झाले. घरात तेलुगू, शाळेत मराठी. दहाव्या वर्षापासून कांड्या भरल्या. मागावरच्या धोट्यात सुताचं जे लहान रीळ बसतं, ती कांडी. पन्नास वर्षं मी मागांच्या गोंगाटात बसले आणि त्या गोंगाटाने माझे दोन्ही कान खाल्ले. अकरा वर्षं झाली, मला काही ऐकू येत नाही. आत एक सूं... असा आवाज असतो, तेवढाच. कानाचं मशीन लावून पाहिलं. नुसती खरखर. ते कपाटात ठेवून दिलं. अडत नाही. मागावरची माणसं तशीही एकमेकांचे ओठ आणि हात बघूनच बोलतात. कारखान्यात कुणाचे कान चांगले असले तरी त्याचा उपयोग नसतो.

व्यंकटेश माझा एकुलता एक. टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. खाली आठ माग आणि वर एक मोठी खोली. ती खोली मालकाने आम्हाला राहायला दिली होती. वर यायचा जिना एकच, तोही कारखान्याच्या आतून. पुढच्या बाजूला खिडकी, तिला गज. मागच्या भिंतीत एक दोन फळ्यांचं दार होतं, ते बाहेर सरळ हवेत उघडायचं. पूर्वी सुताची गाठोडी साखळीने तिथून वर ओढायचे. ते कित्येक वर्षं बंद होतं. त्याच्यासमोर सुजाताचं टेबल.

सुजाता माझी सून. मंगळवेढ्याची, मराठी घरातली. व्यंकटेशने स्वतः पसंत करून आणली. तेव्हा मी चार महिने तिच्याशी बोलले नाही. तेव्हा मला ऐकू यायचं, म्हणजे मुद्दाम बोलले नाही. आमच्या तेलुगूत सासूला म्हणतात तसं ती मला अत्तम्मा म्हणते. आयटीआय केलेली आहे. आधी मोबाईल दुरुस्त करायची, मग तिला हे वेगळं काम सापडलं. हातात धरून खेळायचे जुने व्हिडिओ गेम असतात ना, पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे, वर छोटी काच आणि खाली बटणं, मागे कॅसेट घालायची, ते लोक तिला कुरिअरने पाठवतात. खेळ दुरुस्त करायला नाही. त्याचा आवाज सुधारून घ्यायला.

मी पहिल्यांदा विचारलं, “चाळिशीचे बाप्ये हे खेळणं कशाला पाठवतात?”

“खेळायला न्हाई अत्तम्मा. ह्याच्यावर गाणी बनवतेत.”

“ह्याच्यावर? पिपाणी घ्या म्हणावं.”

“पिपाणी घरात हाय की एक. झोपला की वाजवतोय तुमचा ल्योक.”

“मला काय, मी बहिरी. तू भोग.”

ती हसली तेव्हा टेबल हललं आणि कथलाचा थेंब तिच्याच बोटावर पडला. मीही हसले. अशी ती होती... आहे.

काम मला तिने समजावलं, ते असं. या गेमच्या आत आवाजाची चकती असते, ती फिरवून आवाज लहानमोठा होतो. मूळ आवाज त्या चकतीपर्यंत स्वच्छ येतो, पुढे तो मोठा करणारा भाग आहे तिथे खरखर मिसळते. ही काय करते, चकतीच्या अलीकडूनच दोन बारीक तारा काढते, डब्याला एक भोक पाडते आणि तिथे नवा जॅक बसवते. मग त्यातून निघणारा आवाज मोठ्या स्पीकरला जोडा नाहीतर कानाला लावा, साफ असतो. जुना स्पीकर फाटलेला असला तर तोही बदलते.

मला तिने या कामात घेतलं ते माझ्या बोटांमुळे. केसासारख्या तारा सोलायच्या, त्यांना पीळ द्यायचा. पन्नास वर्षं तुटलेल्या सुताला गाठी मारल्यावर हे काहीच नाही. दुसरंही एक काम मी करायचे, ते ऐकून लोक हसतात. स्पीकर बसवला की सुजाता गेम चालू करायची आणि मी स्पीकरच्या कागदावर बोटाचं टोक ठेवायचे. बोटाला कळतं. मी सांगायचे, “घोगरा आहे,” नाहीतर “साफ.” ती म्हणायची की मी कधी चुकले नाही. गिऱ्हाइकांना तिने कधी सांगितलं नाही की आवाज तपासणारी बाई ठार बहिरी आहे.

तर त्या दिवशी. उन्हाळा, सकाळचे साडेअकरा. सोलापूरचा उन्हाळा काय असतो ते मी लिहीत बसत नाही.

टेबलावर दोन गेम होते. एक पूर्ण झालेला. त्याच्या नव्या जॅकला सुजाताने मोठे हेडफोन लावले होते, कानावर वाटीसारखे बसतात ते. काम झाल्यावर ती अर्धा तास ऐकत बसायची, कुठे खरखर राहिली का म्हणून. दुसरा गेम करड्या रंगाचा, पुण्याच्या एका माणसाचा. तो उघडलेला होता. त्याचे चारही सेल आदल्या दिवशीच काढून डब्यात ठेवले होते. त्याच्या स्पीकरच्या तारा मी माझ्या हाताने कापल्या होत्या आणि स्पीकर स्टीलच्या वाटीत पडला होता. कॅसेट नव्हती. म्हणजे टेबलावर होती ती नुसती आतली हिरवी सर्किटची पट्टी आणि अर्धा डबा. हे नीट लक्षात घ्या.

साडेअकराला माग थांबले. मला ते तळव्यांना कळतं. जमीन रात्रंदिवस थरथरते आणि माग थांबले की एकदम मेल्यासारखी होते. पंखा थांबला, ट्यूब गेली. सुजाताने हाताने खूण केली, लाईट.

आता आमच्या भागात काय असतं ते सांगते, कारण चूक तिथेच झाली. आमच्याकडे माग चालू असताना पोरं गाढ झोपतात आणि थांबले की उठून रडायला लागतात. मोठ्यांचं उलटं. माग थांबले म्हणजे लाईट गेली, लाईट गेली म्हणजे सुटका. बायका आडव्या होतात. कुणी माहेरी फोन लावतं, कारण तेवढ्या वेळातच पलीकडचं ऐकू येतं. माग का थांबले हे बघायला कुणी उठत नाही. माझ्या अख्ख्या आयुष्यात मी कधी उठले नाही, माझी आई कधी उठली नाही. सुजाता बाहेरची, पण बारा वर्षांत तीही तशीच झाली होती.

सोल्डरगन थंड झाली म्हणून तिने हेडफोन चढवले आणि डोळे मिटून ऐकत बसली. गेम सेलवर चालतो, त्याला लाईट लागत नाही.

मी आडवी होणार होते. म्हटलं, आधी तो उघडा करडा गेम फडक्यात गुंडाळून ठेवावा, धूळ बसते. म्हणून त्याला हात लावला.

आणि मला माग ऐकू आला.

कानाने. अकरा वर्षांनी. माझ्या कानातलं ते सूं मला ओळखीचं आहे, ते हे नव्हतं. ते माझ्या डोक्यात असतं, हे समोरून येत होतं. खटक्-खट, खटक्-खट, खटक्-खट... आणि चौथा ठोका थोडा उशिरा. आमच्या खालचा सहा नंबरचा माग तसा लंगडा होता. व्यंकटेशने त्याला किती वेळा उघडला-जोडला, लंगडणं गेलं नाही. मला ऐकू येत होतं त्या दिवसांतही तो तसाच चालायचा. अंधारात उभं करून कुणी विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं, हा सहा नंबर.

मी मोठ्याने म्हणाले, “सहा नंबर चालू झाला.” सुजाताने डोळे उघडले. तिने माझे ओठ पाहिले आणि नुसतं वर बोट दाखवलं. पंखा बंद. परत डोळे मिटले.

मी हात उचलला. आवाज बंद. हात ठेवला. चालू. असं तीन वेळा केलं. मग माझं नेहमीचं केलं, बोटाचं टोक स्पीकरच्या जागी ठेवलं. तिथे स्पीकर नव्हताच, भोक होतं. पट्टीवर बोट ठेवलं. बोटाला काही नाही. थोडीसुद्धा थरथर नाही. ज्या बोटाने मी ऐकते ते म्हणत होतं आवाज नाही आणि जो कान मेलाय तो म्हणत होता आहे. पायाखालची जमीन म्हणत होती माग बंद.

मी घाबरले नव्हते. चिडले होते. कारखान्यात जन्म गेलेल्या बाईला माग चालू की बंद हे कळू नये? गेम हातात घेऊनच उठले. म्हटलं, खाली जाऊन डोळ्याने बघते. चालताना आवाज वाढत नव्हता, कमी होत नव्हता. जिन्याच्या दाराला खालून रबराची पट्टी होती, कापसाची उडणारी पिंजर वर येऊ नये म्हणून व्यंकटेशनेच ठोकलेली. त्या पट्टीने धूरही अडला होता. मी दार उघडलं.

पुढचं वर लिहिलंय. निळा शर्ट, अंबाडा, लाथ, कडी.

दार लावल्यावर सुजाताने बादलीत चादर बुडवून दाराशी कोंबली. टेबल उलथं केलं. तिची सगळी हत्यारं, सेल, चकत्या जमिनीवर. मागच्या दाराचा अडसर गंजलेला होता, तिने वरवंटा घेऊन तो ठोकला. मी जिन्याच्या दाराकडे परत गेले तर तिने वळून माझ्याकडे पाहिलं आणि सावकाश, एकेक शब्द ओठांवर आणत म्हणाली, “अत्तम्मा, मी तुमाला परत वडणार न्हाई. माझ्यात ताकद न्हाई आता.” मी थांबले. का थांबले ते मला माहीत नाही. आई थांबत नाही असं म्हणतात. मी थांबले.

अडसर निघाला. खाली मागच्या गल्लीत सगळी माणसं वर तोंड करून ओरडत होती, नुसती तोंडं हलताना दिसली. मांडवाचं काम करणारा रफीक शेजारी राहतो, त्याने त्याची बांबूची लांब शिडी लावली आणि स्वतः अर्ध्यापर्यंत वर आला. त्याचे ओठ मला वाचता येत नाहीत, तो दख्खनी बोलतो आणि मिशा फार. सुजाताने नंतर सांगितलं, तो म्हणत होता, “अम्मा, पाँव हिंया रखो, डरो नक्को, वो हात का फेको ना!” माझ्या हातात गेम होता. मी टाकला नाही. एका हाताने शिडी उतरले. खाली आल्यावर लक्षात आलं की गेम गप्प झालाय. कधी झाला ते माहीत नाही.

आग खालच्या मुख्य बोर्डाला लागली होती, म्हणून माग थांबले होते. खाली त्या वेळी व्यंकटेश आणि दोन कामगार. पिंजर पेटायला वेळ लागत नाही. तिघेही पळत बाहेर आले. हो, तिघेही. हे मला चौथ्या दिवशी कळलं. रफीकने सुजाताला सांगितलं होतं आणि ती तीन दिवस ते घेऊन बसली होती.

सुजाता म्हणाली, “रफीकभाई म्हणाले, व्यंकटेश तो बाहर था भाभी. गल्ली में खडा होके चिल्ला चिल्लाके गला बैठ गया उसका. खिडकी कू पत्थर मारा. तुम लोगां निकलेच नै. बोला, अम्मा कू सुनाई नै देता, और अंदर घुस गया.”

दगड आम्हाला आत सापडला नाही. गजाला लागून खाली पडला असेल.

मी तिला म्हणाले, “मी बहिरी. तुला तर कान होते. तू त्यावर झाकणं लावून बसलीस.”

ती म्हणाली, “व्हय.”

एवढंच. तिने रडून दाखवलं नाही, मीही माफ केलं असं म्हणाले नाही. अजून म्हटलेलं नाही. तिच्या पोटरीवर माझ्या लाथेचा डाग महिनाभर होता. ती स्वयंपाक करायला उकिडवी बसली की मला दिसायचा.

आता त्या आवाजाचं.

सुजाताने तो करडा गेम माझ्यासमोर तपासला. सेल नाहीत, आत कुठे छोटा सेल असतो तोही त्यात नव्हता. स्पीकर नाही. वीज येणार कुठून आणि वाजणार कशातून? तिच्या ओळखीच्या एका रेडिओवाल्याला विचारलं. तो म्हणाला, मोठ्या तारा जळताना शेजारच्या स्पीकरमध्ये गुणगुण येऊ शकते. मी म्हटलं, स्पीकर वाटीत होता. कानाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी आवाज अडवणाऱ्या डब्यासारख्या खोलीत बसवून दोन्ही कान तपासले, आधी होते तसेच मेलेले निघाले. ते म्हणाले, “आजी, गोंगाटात काम केलेल्यांना असे भास होतात. मेंदू जुना आवाज काढतो.” असेल. पण माझा मेंदू अकरा वर्षांत एकदाही माग घेऊन आला नव्हता. हात ठेवला की चालू आणि उचलला की बंद, असा भास असतो का हे मी त्यांना विचारलं. त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

आणि सहा नंबर. आग विझल्यावर मालकाचा माणूस मागांची मोजदाद करायला आला तेव्हा कळलं की सहा नंबरची मोटर आगीच्या दोन दिवस आधीच उतरवून दुरुस्तीला पाठवली होती. व्यंकटेशनेच पाठवली. मला तो काही बोलला नव्हता, काम घरी सांगायची त्याला सवय नव्हती. म्हणजे मी ऐकला तो माग लाईट असती तरी चालू शकत नव्हता.

शेजारच्या बायका म्हणतात, मुलाने आईला हाक मारली. मला ते पटत नाही. मेलेलं माणूस हाक मारतं असं म्हणतात. मी ऐकलं तेव्हा तो मेलेला नव्हता, गल्लीत उभा राहून जिवंत गळ्याने ओरडत होता, नाहीतर जिना चढत होता. आणि हाक मारायची तर त्याने माझं नाव घेतलं असतं, माग कशाला चालवला असता? दुसरी एक म्हणाली, त्या गेममध्ये काहीतरी आहे, विहिरीत टाका. सुजाताने पुण्याच्या माणसाला फोन करून विचारलं, हा कुठून आणला, कुणाचा होता. त्याने भंगाराच्या बाजारातून घेतला होता, अजून तीन घेतले होते, सगळे ठीक. त्याला आम्ही कारण सांगितलं नाही. सुजाताने भाड्याच्या खोलीत त्या गेमचं काम पूर्ण केलं, तारा मी सोलल्या. नवा स्पीकर बसवल्यावर मी बोट ठेवलं. साफ होता. त्याला पाठवून दिला. आवाज फार छान आहे असं त्याने कळवलं.

मी नंतर खूप वेळा असे उघडे गेम हातात धरून बसले. सुजाता बघते आणि पुन्हा कामाला लागते. काही ऐकू येत नाही. तो आवाज कसला, कुणी केला, माझ्याच कानाला का आला, आणि यायचाच होता तर तो गल्लीत ओरडत होता तेव्हा पाच मिनिटं आधी का आला नाही, याचं उत्तर मी शोधते आहे. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर लिहा. देवाचं नाव घेणार असाल तर नका लिहू.

त्या दिवशी त्या इमारतीत पाच माणसं होती. दोन कामगार जगले. सुजाता जगली, मी जगले. व्यंकटेश जगला नाही.